डोळ्यांना चाळिशी लागली म्हणून रेड डॉट बसवला: होलोसन ५०७सी, ग्लॉक १७ आणि सहा महिने खाणारे दोन स्क्रू

चाळिशी लागली की माणूस पेपर लांब धरून वाचायला लागतो, माझ्या बाबतीत पेपरच्या आधी पिस्तुलाची फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची पट्टी, गेली. म्हणजे होती जागेवरच बिचारी, पण दिसायची धुरकट, आणि ती नीट दिसावी म्हणून वाचायचा चष्मा लावला की २५ मीटरवरचं टार्गेट पिठाच्या गोळ्यासारखं दिसायचं. उघड्या साइटचं मूळ दुखणंच हे, मागची खाच, पुढची पट्टी आणि टार्गेट अशा तीन गोष्टी तीन अंतरांवर, आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करणार. विशीत तो इतका भराभर मागेपुढे करतो की आपल्याला पत्ता लागत नाही, नंतर लागतो. तर दोन वर्षं "ग्रिप सुधारायला हवी", "ट्रिगरवर काम करायला हवं" असं स्वतःलाच समजावून झाल्यावर शेवटी हात टेकले आणि डॉट घेतला. आता वर्ष होत आलं, तीन हजारांच्या वर राउंड झाले, म्हणून लिहितोय. डॉट होलोसन ५०७सी एक्स२, पिस्तूल ग्लॉक १७ जेन ५ एमओएस, म्हणजे डॉट बसवायची सोय कारखान्यातूनच असलेलं, वापर फक्त रेंजवर आणि क्लबच्या मॅचमधे.

आधीच सांगून ठेवतो, डॉटबद्दल जेवढं लिहायचंय त्याच्या दुप्पट त्याला पिस्तुलावर बसवणाऱ्या खालच्या प्लेटबद्दल आणि दोन स्क्रूंबद्दल लिहायचंय. डॉट निवडायला मला पंधरा दिवस लागले, तो नीट बसवायला सहा महिने.

ज्यांनी कधी बघितलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही लेझर नाही, टार्गेटवर काही लाल ठिपका वगैरे पडत नाही. एक छोटा एलईडी काचेवर प्रकाश टाकतो, काच किंचित वक्र असते आणि तिच्यावर तो लाल रंग तेवढा परत फिरवणारा लेप असतो, त्यामुळे ठिपका काचेवर न दिसता लांब टार्गेटच्या पलीकडे कुठेतरी तरंगतोय असं वाटतं. डोळा टार्गेटवर ठेवायचा, ठिपका तिथे आणायचा, झालं. त्या लेपामुळेच काच जराशी निळसर दिसते, ती सगळ्यांचीच दिसते, त्यावरून माल खराब म्हणू नका. कल्पना तशी फार जुनी, आयर्लंडच्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली रिफ्लेक्टर साइटचं पेटंट घेतलं होतं, स्वीडनच्या एमपॉइंटने १९७५ मधे बॅटरीवर चालणारी बाजारात आणली, आणि १९९० च्या आयपीएससी (पळत, वेळेशी झुंजत केलेली प्रॅक्टिकल नेमबाजी) वर्ल्ड शूटमधे डग कोनिग रेड डॉट लावून जिंकला. त्या काळी डॉट म्हणजे नळकांडं, आणि ते फ्रेमला पकडून बसवायचे, स्लाइड, म्हणजे प्रत्येक राउंडला सरकणारा पिस्तुलाचा वरचा भाग, खालून आपली मागेपुढे. आता डॉट एवढे लहान झालेत की थेट स्लाइडवर बसतात, म्हणजे प्रत्येक राउंडला तो बिचारा स्लाइडबरोबर मागे आपटतो आणि पुढे आपटतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्यातूनच आलं.

निवडताना लोक सगळ्यात आधी विचारतात किती एमओए. एमओए हे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग, १ एमओए म्हणजे १०० मीटरवर साधारण २९ मिलिमीटर, म्हणजे २५ मीटरवर सव्वासात मिलिमीटर. २ एमओएचा डॉट २५ मीटरवर दीड सेंटिमीटर झाकतो, ६ एमओएचा साडेचार सेंटिमीटरच्या जरा आत. बारीक डॉट लांबच्या अचूक नेमाला बरा, जाड डॉट पटकन सापडतो, आणि बारीक डॉटचा ब्राइटनेस वाढवला की तो पण जाडच दिसतो, त्यामुळे या वादात मी फार डोकं घातलं नाही. ५०७सी मधे २ एमओएचा ठिपका आणि त्याभोवती ३२ एमओएचं वर्तुळ आहे, दोन्ही एकत्र किंवा एकेक लावता येतं. सुरवातीचे दोन महिने वर्तुळ फार कामाला आलं, हात चुकीच्या जागी आला तरी वर्तुळाची एखादी कड खिडकीत दिसते आणि कुठे वळायचं ते कळतं. मग एक दिवस बंद केलं, तेव्हापासून नुसता ठिपका.

एमओएपेक्षा महत्त्वाचा मला वाटला बॅटरीचा दरवाजा. ट्रिजिकॉनचा आरएमआर म्हणजे या धंद्यातला आजोबा, दणकट म्हणून नाव आहे, पण त्याच्या मूळ डिझाइनमधे बॅटरी पोटाखाली, म्हणजे सेल बदलायचा तर डॉट काढायचा, परत बसवायचा आणि झिरो, म्हणजे ठिपका जिथे तिथेच गोळी लागते ना, ते परत तपासायचं. नंतरच्या आरएमआर एचडीमधे त्यांनी सेल वरून घातलाय. ल्यूपोल्डच्या डेल्टापॉइंट प्रोला पण वरूनच. ५०७सी ला बाजूला छोटा ट्रे आहे, सीआर१६३२ सेल, डॉट न हलवता बदलतो. कंपनी ५०,००० तासांपर्यंत म्हणते ते मधल्या ब्राइटनेसचं, मी आपला दर वाढदिवसाला सेल बदलायचा ठरवलंय, विसरायला नको. वर सोलर पट्टी आहे, आणि पिस्तूल पडून राहिलं की डॉट झोपतो, उचललं की जागा होतो, ते मात्र फार सोयीचं.

ऑटो ब्राइटनेसबद्दल एक सावधगिरी. ही यंत्रणा डॉटवर पडणारा उजेड मोजते, टार्गेटवरचा नाही. तुम्ही शेडच्या सावलीत उभे आणि टार्गेट भर उन्हात असेल तर डॉट स्वतःला मंद करून घेतो आणि उन्हात विरघळून जातो. मी मॅन्युअलवर ठेवतो, उन्हात दोन घरं वर, आत दोन घरं खाली.

उघडा की बंद हा दुसरा प्रश्न. ५०७सी उघडा आहे, म्हणजे एलईडी मागे आणि काच पुढे, मधे मोकळं. एलईडीवर पावसाचा थेंब किंवा कापसाचा तंतू बसला की ठिपक्याला पिसारा फुटतो. एमपॉइंटचा अॅक्रो, होलोसनचाच ५०९टी हे बंद पेटीसारखे, काचा पुढे मागे दोन्हीकडे, पुसायला सोपे, पण जरा ठोकळ्यासारखे दिसतात आणि त्यांना आपापली वेगळी प्लेट लागते. चिखलात पावसात वापरणार असाल तर बंदच घ्या. माझं पिस्तूल पेटीतून बाकावर आणि बाकावरून पेटीत, मला उघडा पुरला.

आणि काहीही घ्यायच्या आधी एक तपासणी कराच. कोणाचा तरी डॉट बघायला घ्या, पिस्तूल रिकामं आहे ना ते दोनदा बघून, आणि ठिपका गोल दिसतो का बघा. मला तो स्वल्पविरामासारखा दिसला. मी दुकानदाराशी वाद घालायच्या तयारीत होतो, तेवढ्यात त्यानेच सांगितलं, मोबाइलने काचेतून फोटो काढा. फोटोत ठिपका अगदी गोल. म्हणजे दोष डॉटमधे नाही, माझ्या डोळ्यात, अॅस्टिग्मॅटिझम, चष्म्याला सिलिंडरचा नंबर लागतो तो दोष. ब्राइटनेस कमी केला की स्वल्पविराम बराच आकसतो, आणि काही जणांना हिरवा डॉट जास्त गोल दिसतो, मला फरक वाटला नाही.

आता मुख्य गोष्ट.

प्रत्येक कंपनीच्या डॉटचा तळ वेगळा. आरएमआरचा वेगळा, डेल्टापॉइंट प्रोचा वेगळा, डॉक्टर (Docter) नावाच्या कंपनीचा वेगळा जो व्हॉर्टेक्स व्हेनम आणि बरिस फास्टफायर वापरतात, शील्डचा वेगळा, अॅक्रोचा वेगळा. ५०७सी आरएमआरच्या तळाचा आहे. सगळ्या जगाने मिळून एक तळ ठरवला असता तर निम्मी डोकेदुखी गेली असती पण असो. ग्लॉकने २०१५ मधे एमओएस आणलं तेव्हा त्यावर उपाय म्हणून स्लाइडवर एक सपाट खड्डा आणि सोबत चार प्लेट दिल्या, त्यातली ०२ नंबरची आरएमआर तळासाठी. माझ्याकडची ती प्लेटची पुडी कधी कुठे गेली देव जाणे, सापडली नाही. मग मी एक बाहेरची स्वस्तातली अॅल्युमिनियमची प्लेट घेतली, नाव घेत नाही, दिसायला झकास होती.

प्लेटवर दोन छोटे खुंट असतात आणि डॉटच्या पोटात पुढे दोन खाचा. खुंट खाचेत घट्ट बसले की स्लाइडचा मागेपुढे धक्का खुंट झेलतात आणि स्क्रूचं काम फक्त डॉट खाली दाबून धरायचं उरतं. माझ्या प्लेटचे खुंट खाचेपेक्षा बारीक होते. डॉट ठेवला की नखाएवढाही नाही, केसाएवढा हलायचा. मला वाटलं स्क्रू आवळले की संपलं. नाही संपत. खुंट ढिले म्हणजे सगळा धक्का दोन बारक्या स्क्रूंवर, आणि स्क्रू कितीही आवळा, शंभर दीडशे राउंडनंतर ते बोलायला लागतात.

माझं कसं झालं सांगतो. पहिला आठवडा स्वर्ग. १० मीटरवर सगळे एका भोकात नाही म्हणत पण एका मुठीत. मग ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, हळूहळू डावीकडे. मला वाटलं ट्रिगर ओढतोय, डावीकडे जाणं म्हणजे उजव्या हाताच्या माणसाचं जुनंच पाप, म्हणून महिनाभर ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाने ट्रिगर ओढायचा सराव. मग ग्रुप परत मधे आला, मी खूष, मग वर गेला. मी डॉट परत झिरो केला. तो परत सरकला. काडतुसाचा लॉट बदलला, चष्मा बदलला, एका जाणत्याला पिस्तूल दिलं तर त्याचाही ग्रुप तसाच भरकटलेला. त्याने पिस्तूल रिकामं केलं, डॉटवर अंगठा ठेवून बाजूला दाबलं आणि टक् असा आवाज आला. एवढंच. तो काही बोलला नाही, मी पण नाही.

उघडून बघितलं तर दोष अर्धा प्लेटचा आणि अर्धा माझा. स्क्रूवर लॉकटाइट, म्हणजे आटे ढिले होऊ नयेत म्हणून लावायचा गोंद, लावलं होतं पण कारखान्यातलं तेल न पुसता, त्यामुळे ते सुकलंच नव्हतं, निळं पाणी तसंच आत. तेलावर लॉकटाइट म्हणजे ओल्या भिंतीवर रंग.

मग दुसरी प्लेट घेतली, स्टीलची, खुंट इतके घट्ट की डॉट अंगठ्याने दाबून बसवावा लागला, आणि बसल्यावर स्क्रू नसतानाही हलेना. प्लेट अशीच पाहिजे. आणि इथे दुसरा घोळ घातला. नव्या प्लेटबरोबर दोन लांबीचे स्क्रू आले होते, मी विचार केला लांब घेऊ, जास्त आटे म्हणजे जास्त पकड. ग्लॉकच्या स्लाइडमधे उजव्या बाजूने एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे उडालेल्या काडतुसाची केस ओढून काढणाऱ्या आकड्याच्या, दांड्याचं बीळ जातं, आणि उजवा स्क्रू लांब असला की त्याचं टोक त्या बिळात उतरून दांडा दाबून धरतं. रेंजवर पाचव्या राउंडला रिकामी केस चेंबरमधेच राहिली. मग परत. मी एक्स्ट्रॅक्टर साफ केला, स्प्रिंग बदलायला निघालो होतो, आणि मग लक्षात आलं की स्क्रू ढिला केला की एक्स्ट्रॅक्टर मऊ आणि आवळला की दगड. आखूड स्क्रू लावला, प्रश्न मिटला. तुम्ही बसवाल तेव्हा आवळायच्या आधी आणि नंतर, पिस्तूल रिकामं असताना, एक्स्ट्रॅक्टर बोटाने दाबून बघा, स्प्रिंगचा ताण दोन्ही वेळा सारखाच लागला पाहिजे. आणि उलट टोकाला, स्क्रू इतकाही आखूड नको की दोनच आट्यांवर लटकेल, चार पाच पूर्ण फेरे तरी पाहिजेत.

तर आता मी कसा बसवतो ते एकदाच सांगतो. मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासून, काडतुसं त्या खोलीतच नकोत. स्लाइड फ्रेमवरून काढली तर काम आणखी सोपं. खड्डा, प्लेट, डॉटचा तळ, स्क्रू आणि स्क्रूची भोकं, सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, भोकात कापूस न अडकेल असं बघून, आणि पूर्ण सुकू द्यायचं. प्लेट आधी कोरडीच ठेवून बघायची, डुगडुगली तर तिथेच थांबायचं, पुढे काही करू नका. मग मध्यम ताकदीचं निळं लॉकटाइट, फक्त आट्यांवर, मोहरीएवढं. जास्त लावलं तर ते वाहून बिळात जातं आणि एक्स्ट्रॅक्टरच चिकटवून ठेवतं. लाल वापरू नका, ते सोडवायला गरम करावं लागतं आणि वर इलेक्ट्रॉनिक्स बसलंय. काही स्क्रूंवर आधीच रंगीत लेप असतो, त्यांना परत लावायची गरज नसते. मग टॉर्क रेंच, म्हणजे मोजून तेवढाच जोर लावणारा पाना, आपापल्या मॅन्युअलमधला आकडा, बहुतेक ठिकाणी तो १२ ते १५ इंच-पाउंडाच्या घरात असतो, म्हणजे साधारण दीड न्यूटन-मीटर, म्हणजे खरं तर फारच कमी. हाताने आवळणारा माणूस एक तर ढिला सोडतो नाहीतर डोकं मोडतो, मी दोन्ही केलंय. दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. आवळून झालं की स्क्रूच्या डोक्यावरून डॉटच्या अंगावर पेंट मार्करने एक रेघ. रेघ तुटली की स्क्रू हलला, चष्मा न लावता कळतं. आणि मग २४ तास हात लावायचा नाही. हे २४ तास फार जड जातात, मला माहितीये.

टॉर्क रेंच मला सुरवातीला चैन वाटली होती. डॉटवर एवढा खर्च करतात लोक आणि प्लेट सगळ्यात स्वस्त आणि पाना शेजाऱ्याचा, मी त्यातलाच.

झिरो करताना आणखी एक गंमत. मूळच्या साइट बुटक्या, डॉटच्या काचेतून दिसतच नाहीत. मी उंच फ्रंट आणि रिअर लावून घेतल्या, सायलेन्सरसाठी करतात त्या, काचेच्या खालच्या भागात दिसतील एवढ्या. डॉट बंद पडला तर त्या आहेत, आणि पहिला अंदाज घ्यायला पण कामाच्या, उंच साइटमधून नेम धरायचा आणि डॉट फिरवून फिरवून फ्रंट साइटच्या टोकावर कळसासारखा ठेवायचा, कागदावर यायला तेवढं पुरतं. मग बाकावर टेकून १० मीटरवर पाच पाचचे ग्रुप, मग २५ वर. एक क्लिक १ एमओए, म्हणजे २५ मीटरवर ७ मिलिमीटर आणि थोडं, तीन सेंटिमीटर न्यायचं तर चार क्लिक. एका राउंडवरून क्लिक फिरवू नका, ग्रुपचा मध्य बघा. आणि बाणाची दिशा म्हणजे गोळी तिकडे जाणार की डॉट तिकडे जाणार हे आधी वाचा, मी पहिल्या दिवशी आठ क्लिक उलटे फिरवून टार्गेटच सोडलं होतं.

झिरो किती मीटरवर यावर लोक भांडतात. डॉट नळीच्या वर अडीच सेंटिमीटरच्या आसपास बसतो. नेहमीचं ९ मिलिमीटरचं काडतूस, वेग ३५० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास धरला आणि २५ मीटरवर झिरो केला, तर माझ्या हिशोबाने १० मीटरवर गोळी जेमतेम एक सेंटिमीटर खाली आणि ३ मीटरवर दोन सेंटिमीटर खाली लागते. टार्गेट म्हणून उभ्या केलेल्या स्टीलच्या प्लेटला हे जाणवतही नाही, जवळच्या बारीक ठिपक्यांच्या ड्रिलला जाणवतं. मी २५ वर ठेवलाय आणि जवळ असलं की टार्गेटवरच्या ठिपक्याची वरची कड धरतो.

आता वापरायचं. पहिले दोन आठवडे डॉट सापडत नाही. पिस्तूल वर आणतो आणि खिडकी रिकामी, मग आपण मनगट हलवून ठिपका शोधत बसतो, प्रतिस्पर्धी तोवर दोन टार्गेट पाडून मोकळा. उघडी साइट आपली चुकलेली पकड खपवून घेते, कारण फ्रंट साइट कशीही असली तरी दिसते. डॉट खपवून घेत नाही. मी रोज रात्री दहा मिनिटं, रिकाम्या पिस्तुलाने, डोळे मिटून पिस्तूल वर आणायचं आणि उघडून बघायचं ठिपका कुठे आहे. सारखा वरच्या कडेबाहेर असायचा, म्हणजे नळी वर जात होती. तीन आठवड्यांत हात शिकला. दुसरा उपाय काचेच्या पुढच्या बाजूला चिकटपट्टी. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर एक डोळा ठिपका बघतो, दुसरा टार्गेट, आणि मेंदू दोन्ही जोडून देतो. ज्याची नजर ठिपक्यावर खिळते त्याला पट्टी लावल्यावर टार्गेटच दिसत नाही. मला पहिल्या दिवशी नुसती पट्टी दिसली.

ठिपका थरथरतो, त्याला घाबरू नका. हात आधीही थरथरतच होता, उघड्या साइटमधे दिसत नव्हता एवढंच. ठिपका स्थिर व्हायची वाट बघत बसलं की ट्रिगर झटक्यात ओढला जातो.

देखभाल म्हणाल तर काचेच्या पुढच्या अंगावर काजळी बसते, दर सेशनला लेन्सच्या कापडाने पुसतो, सॉल्व्हंट काचेजवळ नेत नाही. थंडीतून उबदार खोलीत आलं की काच धुरकटते, थांबलं की निघून जाते.

कोणी घेऊ नये तेही सांगतो. आयएसएसएफची, म्हणजे ऑलिंपिकवाली, पिस्तूल नेमबाजी करत असाल तर विषयच नाही, तिथे फक्त उघड्या साइट चालतात. आयपीएससीमधे प्रॉडक्शन ऑप्टिक्स आणि ओपनमधे चालतो, साध्या प्रॉडक्शनमधे नाही, त्यामुळे डिव्हिजन बघून मगच स्लाइडला हात लावा. ज्यांच्या पिस्तुलाला खड्डाच नाही त्यांनी रिअर साइटच्या खाचेत बसणारी प्लेट घेऊन वेळ मारून नेण्यापेक्षा चांगल्या मशिनवाल्याकडून स्लाइड कापून घ्यावी असं माझं मत, खाचेवरची प्लेट डॉट फार उंच नेते आणि धक्क्याला ढिली पडते. कापायला तुमच्या लायसन्सच्या नियमात परवानगी लागते का ते आधी विचारा.

५०७सी ला माझ्याकडून पाचात साडेचार, अर्धा गुण कापला कारण मोठी खिडकी असती तर ते पहिले तीन आठवडे सोपे गेले असते, त्यासाठी त्यांचाच ५०७ कॉम्प आहे, तो मी फक्त एकदा दुसऱ्याच्या पिस्तुलावर बघितलाय. स्टीलच्या प्लेटला पाच. पहिल्या प्लेटचा आता मी स्क्रू मोजायला ठोकळा म्हणून उपयोग करतो, तिच्या भोकात स्क्रू घालून किती फेरे बसतात ते बघायला बरी आहे. पांढरी रेघ गेल्या अठराशे राउंडांत जिथे होती तिथेच आहे, आणि ग्रुप डावीकडे गेलाच तर तो आता माझाच असतो.